भाऊसाहेबांचं ब्लूटूथ

माझ्या दुकानात पहिल्यांदा येणारा माणूस आधी मेकॅनिकला शोधतो. मी समोरच बसलेली असते. हातात पेचकस असतो, पुढ्यात पोट उघडलेला लॅपटॉप असतो. तरी तो माझ्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे बघतो आणि विचारतो, "मॅडम, मेकॅनिक कुठी गेले?" सुरुवातीला मी चिडायचे. पुढे सांगायला लागले, "जेवायला गेलेत. तोवर मी बघते." काम झाल्यावर पुष्कळजण जाताना म्हणतात, "त्याईले सांगजा, काम एक नंबर झालं." मी सांगते.

अमरावतीच्या एका महाविद्यालयात संगणकाच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून बरीच वर्षं काढली आणि नंतर अकोल्यात हे दुकान टाकलं. माझी कारकीर्द एवढीच. या अंकाच्या संपादकांनी 'आपल्या वाटचालीवर' लिहा म्हणून कळवलं होतं. वाटचालीवर लिहिणाऱ्यांचे लेख मी दरवर्षी वाचते. त्यांत पहिल्या पानावर खडतर परिस्थिती असते आणि शेवटच्या पानावर सत्कार. माझी परिस्थिती बेताची होती, खडतर म्हणण्याइतकी नव्हती. आणि सत्काराचं म्हणाल तर दुसऱ्यांचे इतके बघितले आहेत की स्वतःच्या सत्काराची हौस फिटली. म्हणून मी एकाच कामाबद्दल लिहिणार आहे: बिनवायरचे, कानात घालायचे ते छोटे बड्स कॉम्प्युटरला जोडून देणं.

हा काय लिहायचा विषय झाला, असं तुम्हाला वाटेल. पण गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या दर चार माणसांत एक तरी हीच तक्रार घेऊन येतो, आणि त्याचा चेहरा असा असतो की जणू यंत्रानं त्याचा चारचौघांत अपमान केला आहे.

काम सोपं आहे. बड्सची डबी उघडायची, बटण दाबून धरायचं. दिवा लुकलुकायला लागला की समजायचं, हे आता ओळख करून घ्यायला तयार आहेत. मग कॉम्प्युटरमध्ये ब्लूटूथ चालू करून नवीन उपकरण जोडायला सांगायचं. आसपास जे जे लुकलुकत असेल त्याचं नाव पडद्यावर येतं. आपलं निवडायचं. निम्म्या लोकांचं काम इथंच होतं. उरलेले निम्मे माझ्याकडे येतात, कारण जोडलं जाणं वेगळं आणि आवाज येणं वेगळं. कॉम्प्युटरला सांगावं लागतं की बाबा, आता तुझ्या पोटातल्या स्पीकरमधून बोलू नकोस, यांच्यातून बोल. त्यातही एकच बड्स पुष्कळदा दोन नावांनी दिसतात. एक नाव गाणं ऐकण्यासाठी, दुसरं बोलण्यासाठी. पहिलं निवडलं तर आवाज गोड येतो, पण आपलं बोलणं पलीकडे जात नाही. दुसरं निवडलं तर बोलणं जातं, पण आवाज तेलाच्या पिंपातून आल्यासारखा येतो. एवढं ठाऊक असलं की माझ्या धंद्यातलं निम्मं रहस्य तुमच्या हातात आलं.

उरलेलं रहस्य मला पातूरकडच्या एका शेतकऱ्यानं समजावून दिलं. मुलीच्या अभ्यासासाठी लॅपटॉप घेऊन आला होता. बड्स मुलीच्या जुन्या फोनला जोडलेले होते आणि लॅपटॉपला जोडून दिले तरी डबीतून काढले की पुन्हा फोनकडे पळत होते. मी त्याला सांगत होते की ही उपकरणं जुनी ओळख लक्षात ठेवतात, वगैरे. त्यानं मला मध्येच थांबवलं.

"समजलं जी. बजारातून आणलेला बैल. दावं सुटलं का जुन्या मालकाच्या गोठ्यात."

यापेक्षा नेमकं मी कुठल्याही माहितीपुस्तिकेत वाचलेलं नाही. तेव्हापासून गिऱ्हाईक आलं की मी पहिला प्रश्न विचारते, "याचा जुना गोठा कोणता?"

जुन्या गोठ्याचा माझा स्वतःचा पहिला अनुभव अमरावतीचा. महाविद्यालयात एका मोठ्या गृहस्थांचा सत्कार होता. त्यांच्या जीवनावर एक चित्रफीत तयार केली होती आणि ती सभागृहाच्या कॉम्प्युटरवरून दाखवायची होती. गृहस्थ सकाळीच आले. आपल्यावरची फीत आपणच आधी तपासावी असं त्यांना वाटलं, आणि सभागृहात खुर्च्यांची सरकासरकी चाललेली, म्हणून त्यांनी आपले बड्स काढून दिले. मी ते कॉम्प्युटरला जोडले. त्यांनी फीत पाहिली, एक विशेषण वाढवायला सांगितलं आणि ते चहाला गेले.

दुपारी कार्यक्रम सुरू झाला. गृहस्थ व्यासपीठावर, कानात बड्स, कारण कुणाशी तरी फोनवर बोलणं नुकतंच संपलं होतं. दिवे मंद झाले. पडद्यावर त्यांचा भला मोठा फोटो आला. आवाज मात्र सगळा त्यांच्या एकट्याच्या कानात. सभागृहात चिडीचूप. फोटो, अंधार आणि शांतता हे तिन्ही एकत्र आल्यावर आपल्याकडच्या माणसाला काय वाटतं? मधल्या रांगेतले एक निवृत्त प्राध्यापक गंभीर चेहऱ्यानं उठून उभे राहिले. त्यांच्यामागे त्यांची रांग उठली, मग पुढची, मग अख्खं सभागृह मान खाली घालून उभं. ज्यांच्यासाठी हे मौन चाललं होतं ते व्यासपीठावर बसून, डोळे मिटून, आपलं जीवनचरित्र ऐकत प्रसन्नपणे मान डोलावत होते.

मी धावत जाऊन जोडणी तोडली. एकदम स्पीकरमधून आवाज घुमला, "...आजही तितक्याच उत्साहानं कार्यरत आहेत." लोक खाली बसले. त्या निवृत्त प्राध्यापकांना बसायला जरा जास्त वेळ लागला.

अमरावतीचीच आणखी एक आठवण. दुसऱ्या शहरांत पोरं नोकरी शोधतात, आमच्याकडे आधी अभ्यासिका शोधतात. एका अभ्यासिकेतल्या सगळ्यांनी मिळून, स्वस्त पडतं म्हणून, एकाच प्रकारचे बड्स एकाच दिवशी घेतले. परिणामी प्रत्येकाच्या पडद्यावर एकाच नावाची रांग. भूगोल ऐकणाऱ्याच्या लॅपटॉपला शेजारच्याचे बड्स जोडले जायचे आणि इतिहासवाल्याच्या कानात मान्सूनचे वारे वाहायचे. मला बोलावलं. मी म्हटलं, प्रत्येकानं आपल्या बड्सना आपलं नाव द्या. तर त्यांनी दिली गावांची नावं, कारण तिथं कुणी कुणाला नावानं हाक मारतच नव्हतं. "ए दर्यापूर, पेन दे." "मूर्तिजापूर कुठी गेलं बे?" तेव्हापासून मी ते नाव बदलायचं काम कधी विसरत नाही. यंत्राला स्वतःचं नाव दिलं की माणूस त्याच्याशी जरा अदबीनं वागतो. हे पुढे उपयोगी पडणार आहे.

आता ज्यांच्यासाठी हा लेख लिहायला बसले त्यांच्याकडे येते.

तेल्हाऱ्याजवळच्या एका गावातून सासरा आणि सून अशी जोडी दुकानात आली. सासरे पुढे, सून मागे लॅपटॉपची पिशवी घेऊन. सासऱ्यांचे कपडे पांढरेशुभ्र, कडक इस्त्रीचे. टोपीची धार अशी की तिनं कागद कापावा. ते एकेकाळी गावच्या सोसायटीचे अध्यक्ष होते. पद जाऊन बरीच वर्षं झाली असावीत, पण टोपीला ते कुणी कळवलं नव्हतं. गाव त्यांना भाऊसाहेब म्हणत असे आणि मीही तेच म्हणावं हे त्यांनी खुर्चीवर बसता बसता सुचवलं.

"मेकॅनिक कुठी हाय?" त्यांनी विचारलं. आवाज असा की समोरच्या झेरॉक्सवाल्यानं मान वर केली.

"जेवायला गेलेत," मी म्हटलं.

सुनेनं माझ्या हातातल्या पेचकसाकडे पाहिलं आणि ओठ आवळून हसू दाबलं. ही पोरगी हुशार आहे, हे मला तिथंच कळलं. तिचं नाव प्रणाली.

ती घरी बसून एका कंपनीचं काम करत होती. लोकांचे फ्रिज, कूलर बिघडले की ते कंपनीला फोन करतात. त्यातले काही फोन तेल्हाऱ्याजवळच्या या गावात, तिच्या लॅपटॉपवर येत. ती हिंदीत, मराठीत त्यांना शांत करी आणि तक्रार नोंदवी. नोकरी अजून कच्ची होती. पुढच्या आठवड्यात कंपनीची वरची बाई तिचे फोन दिवसभर मागे राहून ऐकणार होती, आणि त्यावर पक्की करायची की नाही हे ठरणार होतं. आणि नेमके बड्स बोलता बोलता लॅपटॉप सोडून जात होते.

"माल डुप्लिकेट हाय," भाऊसाहेब म्हणाले. "मी पयल्याच दिवशी सांगतलं होतं. आमच्या काळात येक ट्रंक कॉल लागे, पन आवाज कसा खणखणीत!"

मी बड्स तपासायला घेतले. तिच्या लॅपटॉपला जोडले, कानात घातले, एक ध्वनिफीत लावली. आवाज स्वच्छ. लॅपटॉपमध्ये दोष नाही, बड्समध्ये नाही. आता जुन्या गोठ्याचा प्रश्न विचारणार, तेवढ्यात भाऊसाहेबांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी तो बटण दाबून कानाला लावला.

माझ्या कानातली ध्वनिफीत बंद झाली आणि एक अनोळखी पुरुष माझ्या डोक्यात बोलायला लागला. "राम राम भाऊसाहेब! कुठी हा?"

"हॅलो! हॅलो!" भाऊसाहेब फोनवर ओरडत होते. "आवाज येऊन नाई राह्यला! टॉवर नाई वाटते!"

"राम राम," मी म्हटलं. "भाऊसाहेब माझ्या समोर बसलेत. जरा वेळानं लावा."

पलीकडचा गृहस्थ म्हणाला, "तुमी त्या कूलरवाल्या मॅडम काय जी? मांगच्या वेळी बी तुमीच बोलल्या होत्या."

म्हणजे हे असं चाललं होतं. बड्स दोन यंत्रांशी एकाच वेळी ओळख ठेवणाऱ्या जातीचे होते, आणि त्यांना लॅपटॉपबरोबर भाऊसाहेबांचा फोनही ठाऊक होता. फोनवर कुणाचा कॉल आला की ते लॅपटॉप सोडून तिकडे धावत. कूलरची तक्रार ऐकता ऐकता प्रणालीच्या कानात कुणीतरी तुरीबद्दल विचारायला लागे. भाऊसाहेबांना फोनवर काहीच ऐकू येत नसे, आणि फोन करणाऱ्या त्यांच्या सोयऱ्याला वाटे की आपण कूलरच्या कंपनीला फोन लावला.

मी भाऊसाहेबांचा फोन मागून घेतला. बड्सचं नाव त्यात होतं आणि आवाज शेवटच्या टोकापर्यंत चढवलेला होता. इतक्या आवाजात मी तासभर ऐकलं असतं तर दोन दिवस डोकं धरून बसले असते.

"भाऊसाहेब, हे तुमच्या फोनला जोडलेले आहेत."

"मले काय मालूम? जुळले असतीन आपोआप. येका घरात हायेत."

ब्लूटूथचे बड्स एका घरात राहून आपोआप जुळत नाहीत. कुणीतरी डबी उघडून, बटण दाबून धरावं लागतं. पण मी म्हटलं, "होतं कधी कधी." आणि एक वायरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला. माझ्या धंद्यात खरं उत्तर नेहमी वायरीचंच असतं. वायरीला जुना गोठा नसतो. "प्रणाली, कामासाठी हा वापर. हा कुठं जाणार नाही."

प्रणाली काही बोलायच्या आत भाऊसाहेब म्हणाले, "हे बेस झालं! मंग ते बिनावायरचे राहतीन घरी."

पाऊण तास ज्या मालाला ते डुप्लिकेट म्हणत होते तो माल घरी राहणार म्हणून एवढा आनंद? मी त्यांच्याकडे पाहिलं. ते टोपी सारखी करत होते.

मग ते पान खायला म्हणून खाली उतरले. पायऱ्यांवरचा त्यांचा आवाज दूर गेला, तशी प्रणाली पुढे सरकली.

"ताई, वायरवाला हाय माह्यापाशी." तिनं पिशवीतून खरोखरच एक हेडफोन काढून दाखवला, माझ्याकडच्यापेक्षा चांगला. "बड्स जातेत कुठी, ते बी मले मालूम हाय. मामाजी दुपारी माह्या टेबलावरून नेतेत. म्या येकदा त्यायच्या फोनमधून काढून टाकले होते."

"मग?"

"मंग दोन दिवस फोनच उचलला नाई त्यायनं. वाजे अन् ते आंगणात नुसते बसून राहत. म्याच परत जोडून देल्ले, चोरून. त्यायले वाटते मले मालूम नाई, मले वाटते त्यायले मालूम नाई, असं चालू हाय घरात."

"ऐकू कमी येतं त्यांना."

"कमी? बड्स नसले तर फोनवर काईच नाई, समोर बसून तोंडाकडे पाहत बोललं तर समजते. अन् सोताले ऐकू येत नाई म्हणून इतल्या जोरानं बोलतेत! कंपनीच्या मॅडमनं मले इचारलं, घर में झगड़ा चल रहा है क्या? झगडा कायचा, मामाजी आत्याबाईले पाणी मांगून राह्यले होते." आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई. ती हसली, पण लगेच तिचा चेहरा उतरला. "वायरनं माह्या कानात आवाज येईन, पन माह्या माईकमधून त्यायचा आवाज जाईनच ना. थ्या दिवशी मॅडमनं ऐकलं तर नोकरी गेली."

"मग सांगून का नाही टाकत?"

"आत्याबाईनं येकदा कानाच्या मशीनचं नाव काढलं, तर भरल्या ताटावरून उठले. म्हणे, मी म्हातारा झालो काय? अन् मी सांगन तर..." ती थांबली. "सुनेनं सांगतलं तर अपमान होते, ताई. मशीननं सांगतलं तर तो बिघाड असते. म्हणून आणलं त्यायले इथलोक."

इतक्या वर्षांत माझ्याकडे पुष्कळांनी पुष्कळ यंत्रं आणली. माणसाला यंत्रासमोर आणून बसवणारी ही पहिली. मी म्हटलं, बघू.

भाऊसाहेब पान खाऊन वर आले. मी कपाळाला आठ्या घातल्या आणि बड्स हातात फिरवत म्हटलं, "भाऊसाहेब, निकाल लावता येत नाहीये. माल खरा की डुप्लिकेट, हे ठरवायला एक चाचणी असते. कॉम्प्युटर बारीक आवाजापासून मोठ्या आवाजापर्यंत शिट्ट्या वाजवतो. पण ती पारखी माणसानं करावी लागते. तुम्ही करता का?"

पारखी माणूस खुर्चीत ताठ झाला. "लावा."

मी त्यांच्या कानांत बड्स बसवले आणि शिट्ट्या सुरू केल्या. शिट्टी वाजली की पडद्यावर तिचा आकडा येई; आवाज आला की हात वर करायचा, असं ठरलं. पहिली शिट्टी, दुसरी, तिसरी. हात खाली. भाऊसाहेब विजयी मुद्रेनं माझ्याकडे बघत होते. आणखी काही शिट्ट्या. मग एकदाचा हात वर गेला.

"मी म्हटलं नव्हतं? निम्म्या तर वाजल्याच नाईत. डुप्लिकेट!"

"आता प्रणालीला लावून बघू," मी म्हटलं.

प्रणालीचा हात पहिल्याच शिट्टीला वर गेला. दुसरीला, तिसरीला. ती सासऱ्यांकडे बघत नव्हती, टेबलावरच्या पेचकसाकडे बघत होती. मग मी स्वतः बड्स घातले. माझा हात दुसऱ्या शिट्टीपासून वर जायला लागला. माझंही वय झालं आहे.  नुसता हात वर करत राहिले. भाऊसाहेब माझा हात बघत राहिले.

माणूस उगाच अध्यक्ष होत नाही. त्यांना समजलं.

 भाऊसाहेब समोर असून त्यांचा आवाज नसलेलं दुकान मी त्या दिवशी प्रथमच ऐकलं. पंख्याची घरघर होती, खाली कुणी ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. मग ते हळू म्हणाले, खरोखर हळू, "माल चांगला हाय म्हणता?"

"माल चांगला आहे," मी म्हटलं. "फक्त तुमच्या मापाचा नाही. हे बड्स सरसकट सगळ्यांसाठी बनवतात. ज्याच्या त्याच्या कानाचं माप घेऊनही बनवतात. ते कानाच्या डॉक्टरकडे मिळतात. कान तपासून, कोणती शिट्टी कमी येते ते बघून, तेवढीच वाढवून देतात. फोनलाही जोडता येतात."

"ब्लूटूथनं?"

"ब्लूटूथनं."

"म्हणजे त्याले ब्लूटूथच म्हणतेत?"

यात खोटं काही नव्हतं. त्या यंत्रात ब्लूटूथ असतं. मी म्हटलं, "म्हणायला काय हरकत आहे?"

"मंग ठीक हाय," ते म्हणाले. "कानाचं मशीन मले नोको. ब्लूटूथ असंन तर पाहू."

प्रणालीनं लॅपटॉप पिशवीत भरला. दारापर्यंत गेल्यावर भाऊसाहेब वळले, पण माझ्याकडे नाही, सुनेकडे. "तुह्या त्या मॅडमचा फोन कोण्या दिवशी हाय?"

"सोमवारी, मामाजी."

"सोमवारी मी वावरात असतो," ते म्हणाले. "सकायपासून."

त्यांच्या वावरात त्या दिवसांत काही काम नव्हतं. हे मला नंतर प्रणालीनं सांगितलं. सोमवारी ते न्याहारी करून, फोन घरी ठेवून गेले आणि वावराच्या धुऱ्यावर, बांधावरच्या बाभळीखाली दिवस मावळेपर्यंत बसून राहिले. डबा द्यायला गेलेल्या आत्याबाईंना म्हणाले, "कापूस पाहून राह्यलो." कापूस अजून फुटायचा होता. प्रणालीनं दिवसभर वायरच्या हेडफोनवर कूलरवाल्यांना शांत केलं. मागे चिमण्यांखेरीज आवाज नव्हता. नोकरी पक्की झाली.

डॉक्टरांकडून मापाचं ब्लूटूथ मिळायला तीनेक आठवडे लागले. ते मिळाल्यावर फोनला जोडून घ्यायला भाऊसाहेब डॉक्टरांकडे न थांबता थेट माझ्याकडे आले. बरोबर गावातले दोन स्नेही, बघायला. मी यंत्र फोनला जोडलं आणि सवयीनं विचारलं, "नाव काय देऊ?"

"अध्यक्ष द्या," ते म्हणाले.

मी दिलं. आता त्यांना कुणाचा फोन आला की पडद्यावर अक्षरं उमटतात की आवाज 'अध्यक्ष' यांच्याकडे जात आहे. कुणाला निवडून यावं लागलं नाही, कुणाची मुदत संपणार नाही. स्नेह्यांपैकी एकानं दबक्या आवाजात विचारलं, "कानाचं मशीन हाय काय जी हे?" आणि भाऊसाहेबांनी, जे महिनाभरापूर्वी मागून मारलेली हाक ऐकत नव्हते, पाठमोरे असताना उत्तर दिलं, "ब्लूटूथ म्हणतेत त्याले. मोठमोठे सायेब घालतेत." पुढच्या काही दिवसांत त्या गावातून तीन म्हातारे माझ्याकडे ब्लूटूथची चौकशी करायला आले. मी त्यांना डॉक्टरांचा पत्ता दिला.

दुरुस्तीच्या धंद्याचं मला वाईटही वाटतं. पूर्वी यंत्र उघडता यायचं. जळलेला भाग काढून कथलाचा नवा डाग दिला की ते पुन्हा श्वास घ्यायला लागायचं, आणि डाग देण्यात माझा हात चांगला आहे, हे मी न लाजता सांगते. आता हे बड्स चिकटवून बंद केलेले. आतली बॅटरी म्हातारी झाली की उघडायचा रस्ता नाही. फेकायचे आणि नवे घ्यायचे. माझा पेचकस पुष्कळदा नुसता हातात असतो, मला मेकॅनिक समजावं म्हणून. त्यानंही पुष्कळांना समजत नाहीच. पण जोडून देणं राहिलं आहे, आणि ते मला येतं.

भाऊसाहेबांनी गावात माझा सत्कार करायचा घाट घातला होता. शाल, नारळ, फोटो. मी म्हटलं, मेकॅनिक जेवायला गेलेत. ते इतक्या मोठ्यानं हसले की झेरॉक्सवाल्यानं पुन्हा मान वर केली. आवाज त्यांनी कमी केलाय, हसणं तेवढं राहिलंय.

प्रणालीचा फोन अधूनमधून येतो. परवाच आला होता. आवाज अगदी दबलेला, जणू चोरून बोलते आहे.

"ताई, तुमची तक्रार करायची हाय."

"काय झालं? जोडणी तुटली?"

"तुटली असती तर बरं झालं असतं! इतके दिवस मी अन् आत्याबाई सैपाकघरात कसं मनमोकळं बोलो. मामाजीबद्दल बी बोलो, त्यायच्या समोर बी बोलो. आता काल आत्याबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, बुढा लय मिजासखोर झाला. तर आंगणातून आवाज आला, 'भाकर जळून राह्यली तिकडे ध्यान दे.' ताई, आता बोला तरी कुठी?"

माझ्या कामाबद्दल आजवर पुष्कळ तक्रारी आल्या. जपून ठेवावी अशी ही एकच. मी तिला म्हटलं, "दुरुस्त होणार नाही. माल अस्सल आहे."